डागाखालचा सूर

चौथ्यांदा एवारिस्तोचं बोट त्याच जागी चुकलं, तेव्हा रोमिनानं हातातली पेन्सिल स्टँडवर आपटली.

"माएस्त्रो, शुद्ध आहे तो. शुद्ध सी. काल सांगितलं, परवा सांगितलं."

"ऐकू येतं गं मला, पोरी," एवारिस्तो म्हणाला. एकोणऐंशी वर्षांचा माणूस. गुडघ्यावर काळं मखमली कापड, कापडावर बांदोनेऑन हे बटणांचं वाद्य, भाता अर्धा उघडलेला. "कानाला कळतंय. बोटालाही समजावून सांगितलं. पण ते जातं आणि कोमलवरच बसतं. म्हातारं बोट आहे, सवयीच्या बाकावरच बसणार."

चौदा तंतुवाद्यांमागून हसू फुटलं. ब्रूना सगळ्यात मोठ्यानं हसली. ती चेलोवाली. शनिवारी या हॉलमध्ये लोक नाचतात, म्हणून फरशीच्या लाकडाला मेण घासलेलं. चेलोचा खिळा घसरतो, म्हणून तिनं खुर्चीच्या पायाला पट्टा बांधून त्यात तो अडकवला होता. वर बास्केटबॉलची जाळी, भिंतीवर क्लबच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या फुटबॉल संघाचा फोटो, आणि ऑगस्टची, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्याची थंडी अशी की वाजवणाऱ्यांनी बोटं कापलेले हातमोजे घातलेले.

उद्या, रविवारी, संध्याकाळी पाच वाजता इथेच पहिला प्रयोग. बोएदो वस्तीतल्या सगळ्या खांबांवर कागद चिकटले होते: *ओमारचं पान. बांदोनेऑन आणि तंतुवाद्यांसाठी. रचना: रोमिना रिवेरो.*

ओमार म्हणजे रोमिनाचा बाप. टांगोच्या वाद्यवृंदात बांदोनेऑन वाजवायचा. रोमिना दोन वर्षांची असताना वाद्यवृंद जपानच्या दौऱ्यावर गेला. बाकीचे परत आले, ओमार आला नाही. तिकडेच राहिला आणि पुढे तिकडेच वारला. त्याच्या मागे घरात एक कागद राहिला होता. हातानं लिहिलेल्या नोटांचं एकच पान, वर तिरक्या मोठ्या अक्षरांत *ओ. रिवेरो*. सत्तावीस मात्राखंड पुरे, आणि अठ्ठाविसावा मध्येच तुटलेला, बोलता बोलता कुणी खोलीतून निघून जावं तसा.

त्या पानासाठी रोमिना नोटा वाचायला शिकली होती. सातव्या वर्षी. लेकरं देवाच्या तसबिरीकडे बघतात तशी ती त्या पानाकडे बघत वाढली. त्यात एक जागा होती: खाली डाव्या हातात दो-रे-मीतला कोमल सी आणि नेमका त्याच क्षणी वर शुद्ध सी. दोघे एकमेकांच्या अंगावर धावून जातात, अंगावर काटा येतो. असलं धाडस टांगोत तेव्हा कुणी केलं होतं? तिच्या बापानं केलं होतं. कॉन्झर्वेटरीत शिकताना, पुढे शिकवताना, ती मनातल्या मनात त्या एका टकरीपाशी परत परत यायची. आणि गेल्या वर्षभरात तिनं त्याच टकरीवर बावीस मिनिटांची रचना उभी केली. पोटात हुआना असताना सुरुवात, आणि हुआना झाल्यावर उरलेलं, वीस वीस मिनिटांच्या तुकड्यांत. पोर झोपली की लिहायचं, हलली की थांबायचं. एका हातानं पाळणा, दुसऱ्या हातानं व्हायोलाच्या नोटा.

रचनेचा शेवट मात्र तिनं लिहिलेला नव्हता. बापाचं पान तुटतं तिथेच रचना तुटत होती. आणि एवारिस्तोचं दुखणं तेच होतं.

"चान-चान नाही?" पहिल्या दिवशी त्यानं विचारलं होतं.

"नाही."

"अगं, टांगो म्हटला की शेवटी दोन ठोके. पहिला ठणकावून, दुसरा हळूच, चपला हातात घेऊन निघाल्यासारखा. तू तर एकही देत नाहीस. लोकांनी टाळ्या कधी वाजवायच्या? बसतील बिचारे दुसऱ्या चानची वाट बघत, आणि शेवटची बस जाईल."

"बसू देत. मी पण बसलेच आहे."

 वाद्यवृंदात ओमारच्या शेजारच्या खुर्चीवर एवारिस्तो सहा वर्षं बसला होता. रोमिनानं त्याला मुद्दाम शोधून आणलं ते त्याचसाठी. पण बापाबद्दल विचारलं की एवढंच म्हणायचा, "चांगला माणूस. चुटके झकास सांगायचा."

आज बोट चौथ्यांदा चुकल्यावर त्यानं भाता मिटला. वाद्यानं सुस्कारा सोडला.

"ते मूळ पान आणलंयस का?"

"फोल्डरमध्ये आहे. का?"

"बघू दे. बोटाला दाखवतो. कुणाचं तरी ऐकेल."

रोमिनानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून पान काढलं. ती ते कुणाच्या हातात देत नसे. तिनं ते त्याच्यासमोर धरलं. एवारिस्तोनं एक चष्मा काढून दुसरा लावला, पुढे वाकला. बघत राहिला. मग न विचारता तिच्या हातातून पान घेतलं आणि उलटं करून पाठ बघितली. पुन्हा सुलटं केलं.

"हे कुणी लिहिलंय?"

"बाबांनी. वर नाव आहे की."

एवारिस्तोनं पान तिला परत दिलं. बाकीच्यांकडे वळून म्हणाला, "पोरांनो, कॅन्टीनमध्ये मेदियालूनाचे गरम पाव आलेत. जा, दहा मिनिटं तोंड गोड करून या."

"माएस्त्रो, सुट्टी मी देते," रोमिना म्हणाली.

"मग दे."

त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. तिनं मान हलवली. खुर्च्या सरकल्या, मंडळी गेली. हॉलमध्ये दोघंच उरली आणि कोपऱ्यात गॅसची शेगडी फुरफुरत राहिली.

"रोमिना," तो म्हणाला. नाव घेऊन तो कधी बोलत नसे. "ओमारला नोटा येत नव्हत्या."

"म्हणजे?"

"म्हणजे वाचताही येत नव्हत्या आणि लिहिताही. एकसुद्धा नाही. तो कानावर वाजवायचा. असे पुष्कळ होते, पण आमचा वाद्यवृंद कागदावरचा. कळलं असतं तर त्याच दिवशी बाहेर. म्हणून नवीन काही आलं की मी मागच्या जिन्यात त्याला वाजवून दाखवायचो. दोनदा. तिसऱ्यांदा कधी लागलं नाही. मग समोर कागद ठेवून बसायचा, वेळेवर पान उलटायचा. एकदा तर उलटं ठेवलेलं पान उलटलं." तो किंचित हसला आणि हसू तिथेच टाकून दिलं. "सहा वर्षं हे मी कुणाला बोललो नाही. तो मेल्यावरही नाही. मेलेल्याचं गुपित जिवंतानं का सांडायचं? पण हे पान त्यानं लिहिलेलं नाही, पोरी. तो लिहूच शकत नव्हता."

रोमिनाला आधी काही वाटलंच नाही. हात भाजला की पहिला क्षण गारच वाटतो, तसं. ती भिंतीवरच्या संघाच्या फोटोकडे बघत राहिली. अकरा माणसं, एक चेंडू. तिनं उगाच मोजली.

"तुम्हाला आठवत नसेल नीट," ती म्हणाली.

"मला काल काय जेवलो ते आठवत नाही. हे आठवतं. आणि ही चालही आठवते. पहिल्या दिवसापासून वाटत होतं, कुठेतरी ऐकलीय. आज हे पान बघितलं आणि आठवलं. ओमारनं एकदा मेकअपच्या खोलीत वाजवली होती. मी विचारलं, कुणाचं रे हे? म्हणाला, घरी सापडलं."

"घरी सापडलं?"

"असंच म्हणाला. आणि त्यानं तिथे कोमल वाजवला होता. माझं बोट उगाच नाही चुकत."

  ती दाराकडे तरातरा गेली आणि कॅन्टीनच्या दिशेनं ओरडली, "चला! सगळे आत! सुट्टी संपली!"

"रोमिना..."

"वाजवायचं आहे, माएस्त्रो. पान आहे, नाव आहे, मी तेहेतीस वर्षांची आहे, आणि उद्या पाचला लोक येणार आहेत. वाजवायचं."

मंडळी ओठांवरची साखर पुसत आली. काहीतरी बिनसलंय हे सगळ्यांना कळलं.  ब्रूनानं खिळा पट्ट्यात अडकवला. रोमिनानं हात वर केला. 

सुरुवात झाली. व्हायोलिनवाल्यांनी घोडीच्या मागे तार खरवडली, रातकिडे किरकिरावेत तशी. त्या किरकिरीतून एवारिस्तोची चाल वर आली. सरळ, साधी, तिनं लहानपणापासून हजारदा वाचलेली. ती जागा जवळ आली. एवारिस्तोनं डोळे मिटले आणि बोटाला बाकावरून उठवून शुद्ध सी वर ठेवलं. चौदा तंतुवाद्यं तीच टक्कर घेऊन धावली.

"कोमल! सी कोमल!"

आवाज दारातून आला. खणखणीत, छडी आपटावी तसा, पोरांच्या चुका वर्षानुवर्षं पकडलेल्या बाईचा. वाद्यं एकाच वेळी थांबली, गाडीला कुणी ब्रेक मारावा तशी. सगळे वळले.

दारात रोमिनाची आई उभी होती. निल्दा. साठ वर्षांची, डोक्याला लोकरीची टोपी, छातीशी घोंगडीत गुंडाळलेली सात महिन्यांची हुआना. अकराला पोरीच्या दुधाची वेळ. रोमिना आली नाही म्हणून ती पोरीला घेऊन आली होती. चौकात तिचं लोकरीचं दुकान. रोमिनाच्या आठवणीत तिनं टांगोचा रेडिओही घरात लागू दिला नव्हता. लेकीच्या तालमीला ती आज पहिल्यांदाच आली होती.

तिनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. जणू ओरडली ती दुसरीच कुणी होती.

"काही नाही," ती म्हणाली. "वाजवा तुम्ही. मला काय कळतंय? दुरून ऐकलं, वाटलं काहीतरी. पोर भुकेली आहे, रोमी."

"बाई," एवारिस्तो सावकाश म्हणाला, "चौदा तारा किरकिरतायत, खाली कोमल, वर शुद्ध. त्यातला नेमका वरचा सूर चुकीचा, हे दुरून वाटत नाही कुणाला. ते माहीत असावं लागतं."

निल्दानं त्याच्याकडे बघितलं. "तुम्ही एवारिस्तो. माझ्या लग्नात तीन ग्लास फोडले होतेत."

"दोन. तिसरा ओमारनं."

रोमिना पान हातात घेऊन आईकडे चालत गेली. तिला वाटलं, आपण फार वेळ चालतोय. बास्केटबॉलच्या मैदानाएवढंच अंतर, पण संपेना.

"आई. हे कुणी लिहिलं?"

हुआना किंचाळायला लागली होती.

"आधी तिला पाज."

"आई!"

"आधी तिला पाज म्हणते ना. ओरडतेय पोर. तिचा काय दोष यात?"

रोमिनानं पोर घेतली, जाळीखालच्या खुर्चीवर बसली, शाल ओढली. हुआनानं तोंड लावलं आणि एकदम शांतता झाली. त्या शांततेत पंधरा माणसं कुठे बघावं ते न कळून आपापल्या वाद्यांकडे बघत होती.

निल्दा उभीच होती. टोपी काढून हातात पिळत होती.

"मी लिहिलंय," ती म्हणाली.

रोमिनानं मान वर केली.

"तू पाच महिन्यांची होतीस. तेव्हा आपल्याकडे पियानो होता. मी कॉन्झर्वेटरी सोडून दोन वर्षं झाली होती, बॅलेच्या शाळेत पोरींच्या उड्यांसाठी वाजवायचे, घरी शिकवण्या. तुझा बाप घरी आला की त्या टांगोच्या चाली शिट्टीवर वाजवायचा. मला वाटलं, आपण एक लिहावा. शिकले होते ते आणि तो शिट्टी वाजवायचा ते, दोन्ही घालून. तू झोपलीस की लिहायचे. आवाज दबवायचा मऊ दट्ट्या दाबून, हळू. तरी त्याच्या कानावर पडायचंच."

"आणि वर त्यांचं नाव?"

"मग काय माझं लिहू? तेव्हाचे ते वृंदप्रमुख! म्हणाले असते, ओमार, बायकोला म्हणावं रस्सा जमतोय का बघ. त्याच्या नावावर दिला असता तर निदान वाजला असता. नाव आधीच लिहून ठेवलं. बाकी पुरं व्हायचं होतं."

रोमिनाचा आवाज शालीत अडकल्यासारखा आला. "ती टक्कर. शुद्ध सी. ती तू..."

"कुठली टक्कर? मी कोमलच लिहिला होता. नीट बघ, तिथे डाग आहे."

"तो पाण्याचा डाग आहे. मला माहितीय तो."

"पाण्याचा नव्हे गं. तुला मांडीवर घेऊन लिहीत होते. तू घटाघटा प्यायलीस आणि ओकलीस. थेट कागदावर. शाई ओली होती. पुसायला गेले तर कोमलची खूणच गेली. म्हटलं, नंतर घालू."

एवारिस्तोनं रोमिनाजवळचं पान घेऊन उजेडाकडे धरलं. नोटेच्या अलीकडे फिकट, पिवळसर, नाण्याएवढा गोल. इतकी वर्षं रोमिना त्या गोलाला पाण्याचा डाग समजत होती.

ब्रूनाच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे तीन आठवडे आम्ही ओकारी वाजवतोय?"

 मग मागच्या व्हायोलावाल्याला हसू आवरेना, आणि त्याच्यामागून सगळ्यांनाच. एवारिस्तोचे खांदे गदगदत होते. रोमिनाही हसली, आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि थांबेना.

"आणि शेवट?" तिनं विचारलं. "तो मध्येच का तुटलाय? मला वाटायचं, बाबा तिथे उठून गेले. मी तिथे रचना तोडलीय, आई. त्या तुटण्यासाठी सगळं लिहिलंय मी."

"तू उठलीस," निल्दा म्हणाली.

"काय?"

"तू जागी झालीस. रडलीस. मी पेन ठेवला. मग तुला दात यायला लागले, मग तो दौऱ्यावर गेला, मग आलाच नाही, मग पियानो विकला. परत बसलेच नाही."

 आयुष्यभर ज्याला ती बापाचं जाणं समजत आली, ते तिचं स्वतःचं रडणं होतं.

"सव्वीस वर्षं," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं तू मला हे बाबांचं म्हणून बघू दिलंस. मी त्याच्यापुढे दिवा लावायचाच बाकी ठेवला होता. एक दिवस, एकदा तरी..."

"तू सात वर्षांची होतीस." निल्दाचा आवाज पहिल्यांदा चढला. "जून महिना. शाळेत बाईंनी सांगितलं होतं, उद्या प्रत्येकानं वडिलांची एक वस्तू आणायची. तू घरी येऊन म्हणालीस, माझ्या बाबांचं काय आहे? काय होतं? दाढीचा ब्रश त्यानं नेला, बूट नेले, वाद्य नेलं. फोटोंना मीच कात्री लावली होती, तेवढी अक्कल तेव्हा नव्हती. सगळं कपाट उपसलं. त्याचं नाव असलेला हा एक कागद निघाला. तू तो छातीशी धरून झोपलीस. मी काय सांगणार होते? हा पण त्याचा नाही म्हणून?"

हुआनाचं गिळणं तेवढं ऐकू येत होतं. गट, गट, आणि एक उसासा.

"मग माझ्याकडे त्यांचं काय उरलं?" रोमिना म्हणाली. हे तिनं कुणाला उद्देशून विचारलं नव्हतं.

"कान," एवारिस्तो म्हणाला.

तिनं वर बघितलं.

"पहिल्या दिवशी तू दारातून आत येत होतीस, कोट अजून अंगावर. आणि म्हणालीस, तिसऱ्या व्हायोलाची वरची तार उतरलीय. सगळे एकदम जुळवत होते तेव्हा. असं ऐकणारा मी एकच माणूस पाहिलाय. हे कुठे शिकवत नाहीत."

ते तिला आत्ता पुरलं नाही. पण तिनं ते ठेवून घेतलं, थंडीत कुणी खिशात काही कोंबावं तसं. काय आहे ते घरी जाऊन बघू.

निल्दानं घड्याळ बघितलं. "मला दुकान उघडायचंय."

"निल्दाबाई," एवारिस्तो म्हणाला, "पुढे काय होतं?"

"कशाच्या पुढे?"

"अठ्ठाविसाव्याच्या."

"सांगितलं ना, पोर उठली. तेहेतीस वर्षं झाली. आता मला उलट टाके तेवढे आठवतात."

"उद्या पाचला लोक येणार. शेवट पोरीच्या रडण्याचा आहे हे कळल्यावर मला तरी तो वाजवता यायचा नाही."

"मग मी काय करू? वेळ कुठे आहे?"

रोमिनानं शालीखाली हात घालून हुआनाचं तोंड अलगद सोडवलं. पोरीनं कुरकुर केली.

"एका बाजूचं झालंय," ती म्हणाली. डोळे अजून ओले होते, रागही गेलेला नव्हता. "दुसरीला लावते. तेवढा वेळ आहे तुला."

निल्दा तिच्याकडे बघत राहिली. हा वेळ किती, हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती. ती वळली, कोपऱ्यातल्या पियानोवरचं मेणकापड ओढून काढलं. क्लबचा पियानो, झाकणावर बिअरच्या ग्लासांची वर्तुळं. तिनं एक पट्टी दाबली, दुसरी दाबली.

"फा अडकतोय."

"फा टाळा," एवारिस्तो म्हणाला. "आम्ही सगळे टाळतो."

ब्रूनानं उठून तिला पेन्सिल आणि कोरं पान दिलं. निल्दानं टोपी पियानोवर ठेवली, उभ्यानंच सुरुवातीपासून चाल वाजवली. एकदम हळू, सवयीनं मऊ दट्ट्या दाबून. अठ्ठाविसाव्याशी आली, थांबली, मागे गेली, पुन्हा आली. मग स्टूल पायानं ओढून बसली.

रोमिना तिची पाठ बघत होती. ही पाठ तिनं चुलीपुढे पाहिली होती, गल्ल्यामागे पाहिली होती, लोकरीचे गुंडे रचताना पाहिली होती. असं मान कलती करून, ओठांत पेन्सिल धरून, हवेत दोन बोटं वाजवत बसलेली नव्हती पाहिली. निल्दा लिहायला लागली. ते फुगीर, उजवीकडे झुकलेले नोटांचे गोळे! प्रत्येक गोळा तिला तोंडपाठ होता. किराणाच्या याद्यांत ही बाई मोठी उभी अक्षरं काढायची; तिला गोळे काढताना लेकीनं कधी बघितलंच नव्हतं. देव मानलेला हात रोज तिच्या ताटात रस्सा वाढत होता.

 खोडण्याचा आवाज. दोन सूर. पुन्हा खोडणं.

हुआनाचं गिळणं मंदावलं. तोंड सुटलं.

"झालं तिचं," रोमिना म्हणाली.

"थांब, थांब," निल्दा न वळता म्हणाली. "ढेकर काढ. ढेकरेपर्यंत माझा वेळ."

रोमिनानं पोरीला खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थोपटलं. हळू. जमेल तितकं हळू. चौदा वादक आणि एक म्हातारा त्या एवढ्याशा पाठीकडे श्वास रोखून बघत होते. कुणीतरी कुजबुजलं, "सावकाश, सावकाश." शेवटी हुआनानं दिली ढेकर, दारुड्यासारखी. निल्दानं त्याच क्षणी पेन्सिल ठेवली.

"तो सूर," तिनं पान आणून देताना विचारलं. "कोमल करणार आता?"

रोमिनानं विचार केला. सगळी रचना त्या टकरीवर उभी. पण चाल पहिल्यांदा येते ती एकट्या बांदोनेऑनवर.

"पहिल्यांदा कोमल," ती म्हणाली. "माएस्त्रो, तुमच्या बोटाला बसू दे त्याच्या बाकावर. नंतर परत येतो तेव्हा शुद्ध. तो माझा आहे."

"आणि बाहेर खांबांवर नाव?" ब्रूनानं विचारलं.

रोमिनानं स्वतःच्या प्रतीवरच्या *ओमारचं पान* या अक्षरांवर पेन्सिल टेकवली. ओमारवर रेघ मारायला हात होईना. तिनं आईकडे बघितलं.

"आधी वाजतं का बघा," निल्दा म्हणाली. "नावाचं काय? दुकानावरही अजून पाटी लावलेली नाही मी." पण बोलता बोलता तिनं लेकीच्या हातातून नात घेतली आणि दुकानाला जायच्या ऐवजी समोरच्या रांगेत खुर्ची ओढून बसली.

एवारिस्तो नवीन पान वाचत होता. चष्मा बदलला. भुवया वर गेल्या.

"निल्दाबाई, पहिला चान ठीक. हा दुसरा तुम्ही फार मोठ्यानं लिहिलाय. तीन तीन वेळा जोर म्हणून लिहिलंय. दुसरा हळू असतो, सगळ्या गावाला माहीत आहे."

"मलाही माहीत आहे," निल्दा म्हणाली. तिनं नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. हुआना टक्क डोळे उघडून छताकडे बघत होती. "या वेळी कुणी झोपलेलं नाही."

रोमिनाचा वर उचललेला हात तसाच राहिला. मग तिनं खूण केली.

रातकिडे किरकिरले. चाल वर आली, बोट आपल्या बाकावर बसलं, पुढे टक्कर आली, गेली. अठ्ठाविसावा आला आणि या वेळी तुटला नाही. तिथून पुढे काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, रोमिनालाही. ती पानावर डोळे लावून, आईच्या मागे मागे, आंधळ्यानं खांद्यावर हात ठेवून चालावं तशी चालत होती. चान. आणि त्यानंतर एवढी लांब थांबलेली जागा, की मागचा व्हायोलावाला चुकून श्वास घेऊन बसला.

मग दुसरा. पंधराही जणांनी, सगळ्या जोरानं. खिडक्यांची तावदानं थरथरली. हुआना आजीच्या मांडीवर अंगभर दचकली, दोन्ही मुठी हवेत उडाल्या, तोंडाचा चंबू झाला. सगळे तिच्याकडे बघत राहिले.

ती रडली नाही.